शितावरून चहाची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एक शीत बोटांत चुरडून पाहिले की भांडेभर भात शिजला की नाही, हे स्वयंपाक करणाऱ्याला कळते. ही म्हण खरी ठरते त्याला एक कारण आहे, आणि ते आपण सहसा बोलून दाखवीत नाही. भांड्यातील तांदूळ एकाच जातीचा असतो, तो एकाच पाण्यात व एकाच आचेवर शिजतो. म्हणून एक शीत बाकीच्या शितांची साक्ष देऊ शकते. जेथे हे गृहीत लागू पडत नाही तेथे परीक्षा कशी करावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरण घेतले आहे ते वनस्पतींच्या चहाचे, म्हणजे अलीकडे दुकानातून ज्याला हर्बल टी म्हणतात त्याचे. या चहात बहुधा चहाचे पान नसतेच. कॅमोमाइलची फुले, पुदिना, बडीशेप, दक्षिण आफ्रिकेतील रुईबॉस, चक्रफूल असे काही वाळवून, कुटून पुडीत भरलेले असते. आपला गवती चहा हा याच कुळातला.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात रसायनशास्त्राचे हे पुराण कशासाठी, असे काही विद्यार्थी मित्र विचारतील. उत्तर साधे आहे. पुराव्याची छाननी हा इतिहासाचा, तर्कशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचाही धंदा आहे, आणि एखादी वस्तू निर्भेळ आहे हे आपण कशाच्या आधारावर मानतो, हा पुराव्याचाच प्रश्न आहे. शिवाय ज्या घटनेपासून आपण आरंभ करणार आहोत तिच्यात प्रयोगशाळेच्या आधी माणसांना विचारलेले प्रश्न कामी आले होते.

सप्टेंबर २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ६३ माणसांना एकाच तऱ्हेचा त्रास झाला. मळमळ, ओकाऱ्या आणि अस्वस्थपणा. त्यांपैकी २२ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि १६ जणांना तर फेफऱ्यासारखे झटके आले. आरोग्य खात्याच्या लोकांनी चौकशी केली तेव्हा सर्वांच्या हकिगतीत एक गोष्ट समान निघाली. त्रास सुरू होण्याच्या दोन ते चार तास आधी प्रत्येकाने एक विशिष्ट वनस्पती-चहा घेतला होता. त्या चहात चक्रफूल होते. चक्रफूल म्हणजे आपल्या गरम मसाल्यातले, कोकणात ज्याला बादयान म्हणतात तेच. चीन आणि व्हिएतनाममध्ये वाढणाऱ्या या झाडाचे शास्त्रीय नाव इलिसियम व्हेरम. शेकडो वर्षे माणसे ते खात आली आहेत. मग फेफरे कशाने आले?

या झाडाला जपानमध्ये एक भाऊ आहे, इलिसियम ॲनिसेटम. जपानी लोक त्याला शिकिमी म्हणतात. बौद्ध मंदिरांतून आणि थडग्यांपाशी त्याच्या डहाळ्या वाहण्याचा प्रघात आहे, सालीची व पानांची उदबत्ती होते. पण त्याचे फळ कोणी खात नाही, कारण ते विषारी आहे. (जाता जाता सांगावयाचे तर १८८५ साली याच शिकिमीतून आयकमन नावाच्या एका डच रसायनशास्त्रज्ञाने शिकिमिक आम्ल वेगळे केले. पुढे ते चिनी चक्रफुलातूनही मोठ्या प्रमाणावर काढले जाऊ लागले आणि फ्ल्यूवरील औषधाचा कच्चा माल बनले. विषारी भावाचे नाव निरुपद्रवी भावातल्या द्रव्याला चिकटले ते असे.) शिकिमीच्या फळात ॲनिसॅटिन हे द्रव्य असते. आपल्या मेंदूतील चेतापेशींना आवर घालणारा जो गॅबा नावाचा रासायनिक निरोप्या आहे त्याचे काम ते बंद पाडते. आवर सुटला की झटके येतात.

डच चहात हे ॲनिसॅटिन सापडले. शिकिमीचे फळ चक्रफुलात मिसळले गेले होते, असा निष्कर्ष निघाला. फेब्रुवारी २००२ मध्ये युरोपीय संघाने चक्रफुलाच्या आयातीवर खास अटी घातल्या. पण प्रकरण तेथे संपले नाही. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनतेला चक्रफुलाचा चहा न घेण्याचा इशारा दिला. त्यांच्याकडे सुमारे ४० माणसे आजारी पडल्याची नोंद होती, आणि त्यांत सुमारे १५ तान्ही बाळे होती. बाळांना चहा कोण पाजतो, असे आपल्याला वाटेल. परंतु पोटदुखीने रडणाऱ्या बाळाला चक्रफुलाचे पाणी देणे हा लॅटिन अमेरिकेतून आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या कित्येक कुटुंबांचा पिढीजात उपाय आहे. आपल्याकडे बाळगुटी असते तसाच.

बाळगुटीवरून आठवले. आमची आजी सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, बाळहिरडा असे एकेक उगाळून वेढे मोजून गुटी देत असे. प्रत्येक जिन्नस अख्खा, डब्यात ठेवलेला, तिच्या ओळखीचा. मुरुडशेंगेऐवजी दुसरी कसली शेंग कोणी आणून दिली असती तर तिने ती दारातूनच परत केली असती. तिचे सगळे शास्त्र त्या अख्खेपणावर उभे होते. जिन्नस कुटून, चार वस्तूंत मिसळून, कागदी पुडीत शिवून आला की ते शास्त्र संपले.

अख्खे फळ हातात असले तरीसुद्धा चक्रफुलाच्या बाबतीत डोळा कितपत भरवशाचा? शिकिमीचे फळ जरा लहान असते, त्याच्या पाकळ्यांची टोके अधिक बाकदार आणि टोकदार असतात. नमुना हाती धरून तुलना केली तर जाणकाराला भेद कळतो. पण पोत्यात तुकडे होतात, आणि तुकड्यांना चेहरा नसतो. भुकटी झाल्यावर तर प्रश्नच मिटला. मग नाकाने ओळखावे म्हटले, तर चक्रफुलाचा बडीशेपेसारखा वास येतो तो ॲनेथॉल या द्रव्यामुळे. शिकिमीत ते अगदी कमी असते. परंतु चांगल्या चक्रफुलाच्या पोत्यात थोडी शिकिमी मिसळली असेल तर चांगल्याचा वास इतका दांडगा असतो की वाइटाचा वास नसणे कोणाच्या लक्षातच येत नाही. आणि मुख्य म्हणजे खुद्द ॲनिसॅटिनला वास येण्याजोगे काही नसते. वास यावयाचा तर द्रव्य हवेत उडावे लागते. हा रेणू जड आणि पाण्याला चिकटून राहणारा, तो कपाच्या वाफेत चढत नाही. तो कपातच राहतो.

आता आपण त्या यंत्राकडे वळू. त्याला इंग्रजीत मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. मराठीत वस्तुमान वर्णपटमापक म्हणावयास हरकत नाही, पण सोयीसाठी आपण त्याला रेणूंचा तराजू म्हणू. केंब्रिजमध्ये १९१२-१३ च्या सुमारास जे. जे. टॉमसन यांना निऑन वायूचे अणू दोन वजनांचे, २० आणि २२, असल्याचे आढळले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये ती रीत सुधारून नीट यंत्र बनविले आणि १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. तत्त्व आपल्या खळ्यावरच्या उफणणीचे आहे. वाऱ्यावर धान्य सोडले की फोल लांब उडते आणि दाणा जवळ पडतो. कोण कोठे पडला यावरून कोण किती जड ते कळते. रेणूंना वाऱ्याऐवजी विद्युत् क्षेत्राने ढकलतात, आणि त्यासाठी आधी प्रत्येक रेणूला विद्युत् भार द्यावा लागतो, म्हणजे त्याचा आयन करावा लागतो. हे सर्व निर्वात पोकळीत चालते, कारण हवेतल्या रेणूंशी टक्कर झाली तर मोजमाप बिघडेल.

गोम होती ती रेणूला पाण्यातून उचलून पोकळीत नेण्यात. जुन्या यंत्रांना आधी द्रव्याची वाफ करून द्यावी लागे. सुगंधी तेलांना ते मानवले. ॲनेथॉलसारखी द्रव्ये वायू-वर्णलेखन पद्धतीने वेगळी करून तराजूवर सहज घालता येत. ॲनिसॅटिनसारखा रेणू मात्र तापविला तर वाफ होण्याऐवजी मोडण्याची भीती. म्हणजे नाकाची जी मर्यादा तीच त्या जुन्या यंत्रांचीही: जे उडते तेवढेच दोघांना कळे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत जॉन फेन यांनी विद्युत्-तुषार पद्धत सिद्ध केली. द्रावण बारीक सुईतून विद्युत् दाबाखाली फवारावयाचे, भारित थेंब सुकत सुकत जातात, आणि शेवटी भारित रेणू न मोडता हवेत उरतो. याबद्दल फेन यांना २००२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. चहाच्या तपासनीसाला ही पद्धत वरदानच ठरली, कारण चहा म्हणजे मुळातच पाण्यातला अर्क.

विद्यार्थ्यांनी येथे एक बेरीज करून पाहावी. ॲनिसॅटिनच्या रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ८ अणू असतात. कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६ धरले तर १८० अधिक २० अधिक १२८, एकूण ३२८. यंत्रात त्याच्यातील एक हायड्रोजन केंद्रक काढून घेऊन त्याला ऋण भार देतात, म्हणून तराजू ३२७ दाखवितो. चक्रफुलाच्या अर्कात ३२७ च्या जागी मोठा उंचवटा दिसला की तपासनीस सावध होतो. चिनी चक्रफुलात ॲनिसॅटिन अत्यल्प असते आणि शिकिमीत त्याच्या शेकडो पटींहून अधिक, त्यामुळे निवाडा सहसा संदिग्ध राहत नाही. पुढे याहूनही झटपट रीत निघाली. तापविलेल्या हेलियम वायूच्या झोतात फळाचा तुकडा चिमट्याने नुसता धरावयाचा. काही सेकंदांत तराजूवर आकडा उमटतो. अर्क काढणे, गाळणे काही नाही. नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी चक्रफूल आणि शिकिमी यांच्यासाठी ती वापरून दाखविली आहे.

इतके वाचून कोणाला वाटेल की आता प्रश्न सुटला. पण तराजूला एक जुनाच दोष आहे. एक किलो लोखंड आणि एक किलो कापूस त्याला सारखेच. चक्रफुलातील ॲनेथॉलचे वजन १४८. त्याच अणूंची निराळी मांडणी असलेल्या एस्ट्रागोलचेही १४८. अशा रेणूंना समघटक म्हणतात. तराजू कितीही सूक्ष्म केला तरी नुसत्या वजनावरून त्यांच्यात भेद करता येणार नाही. म्हणून तपासणीत दोन युक्त्या जोडतात. पहिली वर्णलेखनाची: अर्क एका भरीव नळीतून दाबाने ढकलला की निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात, आणि वजनाबरोबर वेळेचीही साक्ष मिळते. दुसरी मोडतोडीची. हिला घरगुती उपमा द्यावयाची तर चाळण, मुसळ आणि पुन्हा चाळण. पहिली चाळण एकाच वजनाचे आयन पुढे सोडते, मधल्या कोठडीत वायूच्या रेणूंवर आपटून त्यांचे तुकडे होतात, आणि दुसरी चाळण तुकड्यांचे वजन घेते. प्रत्येक रेणू आपापल्या सांध्यावर मोडतो.

या दुसऱ्या युक्तीची खरी कसोटी लागली ती तणांच्या प्रकरणात. ते चक्रफुलाहून अधिक व्यापक आहे, आणि आपल्या देशाशी त्याचा जुना, दुःखद संबंध आहे.

१९७५ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेशातील आणि आता छत्तीसगडात असलेल्या सरगुजा जिल्ह्यात काही आदिवासी गावांतून माणसांची पोटे पाणी साठून फुगू लागली. डॉक्टरांनी पाहिलेल्या ६७ रुग्णांपैकी २८ दगावले. यकृतातील बारीक शिरा बुजल्या होत्या. कारण सापडले ते त्यांच्या रोजच्या गोंदली या बारीक धान्यात. त्यात क्रोटॅलेरिया कुळातील एका रानटी झुडपाचे बी मिसळले होते. हे आपल्या खुळखुळ्याचे कुळ. शेंग वाळली की आत बी वाजते म्हणून हे नाव. या बियांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्ये असतात. निसर्गात अशी सहाशेहून अधिक द्रव्ये माहीत आहेत आणि ती हजारो वनस्पतींत आढळतात. आपल्याकडे पडीक जागी उगवणारी भुरुंडी ही त्यांतलीच एक. वनस्पतीला ती किड्यांपासून वाचवितात. माणसाच्या यकृताला मात्र ती बाधतात. थोडी थोडी पुष्कळ दिवस पोटात जाणे हेही धोक्याचे, कारण त्यांपैकी काही कर्करोगास कारण होऊ शकतात असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे.

जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने बाजारातील चहा आणि वनस्पती-चहाचे २२१ नमुने तपासून २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यात बाळांसाठी विकले जाणारे चहाही होते. सुक्या मालाच्या किलोमागे या अल्कलॉइडांचे प्रमाण शून्यापासून ३४३० मायक्रोग्रॅमपर्यंत निघाले. कॅमोमाइल किंवा पुदिना ही द्रव्ये स्वतः तयार करीत नाहीत. ती आली तणातून. कापणी यंत्राने करताना पिकाबरोबर तणही कापले गेले. येथे समघटकांचा गोंधळ पुरेपूर आहे. सेनेसिओनीन या अल्कलॉइडचा रेणुभार ३३५, आणि त्याच वजनाची त्याला भावंडे आहेत. तराजूवर सगळी ३३६ म्हणून येतात, कारण या वेळी हायड्रोजनचे केंद्रक काढून न घेता जोडलेले असते. पण फोडल्यावर १२० आणि १३८ वजनाचे तुकडे पडतात. हे तुकडे म्हणजे या घराण्याचे कुलचिन्ह. भावंडांपैकी नेमके कोण, हे मग नळीतून बाहेर पडण्याच्या वेळेवरून ठरवावयाचे. आणि काही भावंडे इतकी सारखी की ती बाहेरही बरोबरच पडतात. युरोपीय संघाने जी कमाल मर्यादा ठरविली ती २१ अल्कलॉइडांच्या बेरजेवर आहे, आणि नळीत त्यांच्याबरोबर मिसळून येणारी आणखी १४ द्रव्ये त्या बेरजेत धरली आहेत. यंत्राची मर्यादा कायद्याने अशी उघड मान्य केल्याची उदाहरणे थोडी असतील.

१ जुलै २०२२ पासून लागू झालेली ही मर्यादा कॅमोमाइल, पुदिना आणि रुईबॉस यांना सुक्या मालाच्या किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम, आणि बाळांच्या चहाला ७५ आहे. ४०० म्हणजे किती? पंचवीस लाखांत एक भाग. समजा, एखाद्या तणाच्या सुक्या किलोत २ ग्रॅम अल्कलॉइड आहे. मग त्या तणाचा एक ग्रॅम पाच किलो कॅमोमाइलमध्ये पडला की मर्यादा गाठली. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर पाला.

येथे आपण आपल्या शितापाशी परत येतो. पन्नास किलोंच्या पोत्यात दहा ग्रॅम तण एका कोपऱ्यात असेल आणि तपासनीसाने दुसऱ्या कोपऱ्यातून मूठ घेतली, तर जगातील उत्तमोत्तम तराजू त्या मुठीला निर्दोष ठरवील, आणि त्याचे म्हणणे खरेच असेल. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष अर्क काढतात तो दोनचार ग्रॅमांचा. म्हणून निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून, तळातून अनेक लहान नमुने काढून ते एकत्र करावयाचे, सगळे बारीक दळावयाचे, नीट कालवावयाचे आणि मग त्यातून ते दोन ग्रॅम घ्यावयाचे. सगळा माल आधी भातासारखा एकजीव केला तरच शितावर विश्वास टाकता येतो. यंत्राची किंमत कोट्यवधी रुपये असली तरी निकालाचा भरवसा या झाऱ्याच्या आणि जात्याच्या कामावर असतो. ते काम कोणाच्याही छायाचित्रात येत नाही.

शेतकऱ्याने तण उपटले की प्रश्न मिटेल, असेही वाटते, आणि बरेचसे खरे आहे. परंतु २०१६ मध्ये जर्मन संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखविली. हे अल्कलॉइड असलेले तण वाळवून जमिनीवर पसरले, तर त्यातील द्रव्य मातीत झिरपते आणि शेजारचे पुदिना, कॅमोमाइल ते मुळांवाटे शोषून घेतात. म्हणजे पुडीत तणाचा एक कणही नाही, सूक्ष्मदर्शकाखाली सगळे पान निखळ पुदिन्याचे, आणि तरीही तराजू १२० आणि १३८ दाखवितो. अशा वेळी डोळ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाहावे असे काही तेथे नव्हतेच.

उलट यंत्राचेही आंधळेपण ध्यानात ठेवले पाहिजे. चाळण ३३६ वर लावून ठेवली असेल तर ३२७ समोरून गेला तरी ती त्याला अडवील आणि नोंद करणार नाही. २००१ च्या आधी चक्रफुलाच्या पोत्यात ॲनिसॅटिन शोधा असे कोणी सांगितले नसते, तर कोणत्या तराजूने ते सांगितले असते? नेदरलँड्समध्ये आधी आजारी माणसांना 'तुम्ही काय प्यालात?' असे विचारले गेले, आणि मग चहा प्रयोगशाळेत गेला. तेथेही ॲनिसॅटिन प्रथम ओळखले ते चुंबकीय अनुस्पंदनाच्या निराळ्याच पद्धतीने. सर्व वजनांची एकदम नोंद घेऊन अस्सल मालाच्या ठशाशी ताडून पाहण्याची रीतही आता आहे. तिने अनपेक्षित पाहुणा दिसतो. पण अस्सल ठसा कोणता, हे त्या मुलखातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडासमोर उभे राहून आधी ठरवून द्यावे लागते.

शेवटी प्रमाणपत्राविषयी दोन शब्द. वनस्पती-चहाच्या तपासणीच्या कागदावर अनेकदा एका रकान्यात 'आढळले नाही' असे छापलेले असते. त्याचा अर्थ 'नाही' असा घेण्याची आपल्याला सवय आहे. रसायनतज्ज्ञाचा अर्थ वेगळा असतो: या यंत्रावर, या रीतीने, इतक्या मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आम्हाला दिसत नाही. तो 'इतक्या'चा आकडा शेजारच्याच रकान्यात शोधमर्यादा म्हणून लहान टाइपात दिलेला असतो. बाळासाठी पुडी घेताना ७५ च्या मर्यादेपुढे हा आकडा १ आहे की ५०, हे पाहावे. आणि नमुना किती पोत्यांतून घेतला होता, हे कागदावर नसेल तर विचारावे.